बोकेतेची सहल: पनामाच्या डोंगरगावाला जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमानं करायचं

पनामाच्या पश्चिमेला, चिरिकी प्रांतात, बारू ज्वालामुखीच्या कुशीत बोकेते आहे. उंची साधारण १,२०० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जराशी कमी. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीची बरीच मंडळी तिथं जाऊन आली. काही पुण्या-मुंबईहून गेली, पुष्कळशी अमेरिकेतून. परत आल्यावर ज्या तक्रारी ऐकू येतात त्या जवळपास त्याच असतात. डोंगर दिसलाच नाही. मुक्काम गावाबाहेर निघाला. बारूवर थंडीनं हाल झाले. परतताना भारतातल्या विमानतळावर अडवलं. यातली एकही गोष्ट नशिबाची नाही, प्रत्येक ठिकाणी क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख क्रमानंच लिहिला आहे. वाचताना पुढच्या टप्प्यावर उडी मारू नका, कारण पहिल्या टप्प्यात सुटलेली गोष्ट शेवटच्या टप्प्यात भरून काढता येत नाही.

उच्चाराचं आधी सांगतो, कारण बसस्थानकावर त्यावाचून अडतं. गावाचं नाव ‘बोकेते’. ‘बोक्वेट’ म्हटलं तर कुणाला कळत नाही. वाटेत लागतं ते मोठं शहर इंग्रजीत डेव्हिड असलं, तरी तिथं त्याला ‘दावीद’ म्हणतात. तिकीट दावीदचंच मागायचं.

१. कागदपत्रं: निघण्याआधी दोन महिने

भारतीय पासपोर्टवर पनामाला जायला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपचा शेंगेन, यांपैकी एखादा अनेकवेळा प्रवेशाचा चालू व्हिसा तुमच्याकडे असेल आणि त्यावर तुम्ही त्या देशात एकदा तरी जाऊन आला असाल, तर पर्यटक म्हणून पनामाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. ‘जाऊन आला असाल’ हे शब्द नीट वाचा. नुकताच मिळालेला, एकदाही न वापरलेला व्हिसा इथं चालत नाही. व्हिशाची मुदत किती शिल्लक हवी याचे नियम बदलतात. ते नवी दिल्लीतल्या पनामाच्या दूतावासाला ईमेलनं विचारा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. तुम्हाला विमानात चढू द्यायचं की नाही हे आधी चेक-इनच्या खिडकीवर ठरतं, आणि तिथल्या माणसानं पनामाला जाणारा भारतीय पासपोर्ट क्वचितच पाहिलेला असतो.

त्यासोबत पनामातून बाहेर पडण्याचं तिकीट आणि ५०० डॉलर खर्च करण्याची ऐपत दाखवणारा पुरावा लागतो. बँकेचं स्टेटमेंट किंवा क्रेडिट कार्ड चालतं. दर वेळी विचारतात असं नाही, पण विचारल्यावर फोनमध्ये शोधत बसण्याची ती जागा नव्हे.

भारतातून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा इस्तंबूलमार्गे जाता येतं, अमेरिकेमार्गेही जाता येतं. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते कुठल्या विमानतळावरून जातं ते पाहा.

आता सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट: पिवळ्या तापाची लस.

पनामा हा भारत सरकारच्या यादीत पिवळ्या तापाचा देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचा वैध दाखला नसेल, तर त्याला जास्तीत जास्त सहा दिवस विलगीकरणात ठेवता येतं. गोंधळ होतो तो असा. पनामात या तापाचा धोका कालव्याच्या पूर्वेकडच्या भागात मानतात, आणि बोकेते कालव्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे अमेरिकेतला डॉक्टर ‘तुम्हाला लसीची गरज नाही’ म्हणतो, आणि आरोग्याच्या दृष्टीनं ते बरोबरही असतं. पण भारतातला अधिकारी तुम्ही पनामाच्या कुठल्या गावात होता ते बघत नाही, देश बघतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला तिकीट काढून देणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आजी-आजोबांना भेटायला म्हणून ते पनामाहून सरळ मुंबईला आले आणि लहान मुलांना घेऊन तासन्‌तास आरोग्य कक्षात बसून राहिले.

म्हणून हे असं करा:

- लस सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्या. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांची केंद्रं आहेत. वेळ आधी घ्यावी लागते आणि मूळ पासपोर्ट सोबत लागतो.
- दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतो, त्या दिवशी नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.
- एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर ग्राह्य धरतात. जुनं पिवळं पुस्तक, म्हणजे या लसीचा दाखला, घरात असेल तर आधी ते शोधा.
- नऊ महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे आणि साठीच्या पुढचे, या सगळ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचं. ही जिवंत विषाणूची लस आहे.

अमेरिकेतून बोकेतेला जाऊन परत अमेरिकेतच येणार असाल आणि त्यानंतर आठवडाभर तरी भारतात जाणार नसाल, तर हा प्रश्न येत नाही.

*तपासा: पासपोर्ट, व्हिसा, दूतावासाचं उत्तर, परतीचं तिकीट, पिवळं पुस्तक. पाचही कागद हातात आल्याशिवाय बोकेतेतलं हॉटेल पक्कं करू नका.*

२. महिना ठरवणं

तिथं दोनच ऋतू. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा, मे ते नोव्हेंबर पावसाचा. कोरड्याला ते ‘वेरानो’ म्हणतात, म्हणजे उन्हाळा, आणि तो पडतो आपल्या थंडीत. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर सगळ्यांत ओले. दिवाळीची सुट्टी जोडून जाऊ पाहणाऱ्यांची नेमकी इथंच फसगत होते.

पण कोरडा ऋतू म्हणजे लख्ख ऊन, असंही धरून चालू नका. त्या महिन्यांत उत्तरेचे वारे डोंगररांग ओलांडून येतात आणि सोबत एक बारीक तुषार घेऊन येतात. त्याला ‘बाहारेके’ म्हणतात. पत्र्यावर त्याचा आवाज येत नाही. समोर ऊन पडलेलं असतं, रस्ता कोरडा दिसतो, आणि चष्म्याच्या काचा मात्र पुसून पुसून पुन्हा धूसर होत राहतात. अर्ध्या तासानं लक्षात येतं की स्वेटरच्या बाह्यांवर दवासारखे थेंब उभे आहेत. या तुषारावर ऊन पडलं की दरीत इंद्रधनुष्य उमटतं आणि बराच वेळ हलत नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही. टोपी असलेलं पातळ रेनजॅकेटच लागतं.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारी किंवा मार्च. केत्साल पक्षी पाहायचा असेल तरी हेच महिने बरे, कारण त्याच सुमारास त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. जानेवारीत फुलांची आणि कॉफीची जत्रा भरते. दहा-बारा दिवस गाव माणसांनी भरून जातं, खोल्या मिळत नाहीत आणि संगीत रात्री उशिरापर्यंत चालतं. ज्यांना जत्रा आवडते त्यांनी मुद्दाम त्याच वेळी जावं. ज्यांना शांतता हवी त्यांनी तारखा पाहून ते दिवस टाळावेत.

*सावध: पावसाळ्यात गेलात तर एक-दोन दिवस हातचे ठेवा. नोव्हेंबर २०२० मध्ये एटा वादळाच्या पावसानं चिरिकीच्या डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, नद्या फुगल्या, रस्ते तुटले. पावसाळ्यातला प्रत्येक दिवस तसा नसतो, पण दुपारी घाट बंद होणं अशक्य नाही.*

३. पनामा सिटी ते दावीद

आंतरराष्ट्रीय विमानं तोकुमेन विमानतळावर उतरतात. तिथून पुढं दोन रस्ते.

विमानानं: पनामा सिटी ते दावीद तासाभराचं उड्डाण. कोपाची विमानं तोकुमेनहून जातात, एअर पनामाची मात्र शहरातल्या आल्ब्रूकच्या छोट्या विमानतळावरून. हे दोन वेगळे विमानतळ आहेत, शहराच्या दोन टोकांना. लागून तिकीट काढलंत आणि दुसरं विमान आल्ब्रूकचं निघालं, तर मधल्या वाहतुकीत ते चुकणार. तिकिटावर गावाचं नाव नका वाचू, विमानतळाचं वाचा.

बसनं: आल्ब्रूकच्या मोठ्या बसस्थानकावरून दावीदच्या बसगाड्या दिवसरात्र सुटतात. सात ते आठ तास लागतात, तिकीट २० डॉलरच्या आसपास. विमानतळावरून स्थानकाला मेट्रोनंही जाता येतं: विमानतळ स्थानकातून कोरेदोर सूर, तिथून दोन नंबरच्या मार्गानं सान मिगेलितो, मग एक नंबरच्या मार्गानं आल्ब्रूक. मोठ्या बॅगा असतील तर मात्र सरळ टॅक्सी करा.

स्थानकावर दोन गोष्टींनी नवा माणूस गांगरतो. पहिली, तिकीट हातात असूनही फलाटाकडे जाताना फिरतं फाटक लागतं आणि ते तिकिटानं उघडत नाही. तिथं मेट्रोचं कार्ड टेकवावं लागतं आणि त्यातून दहा सेंट कापले जातात. कार्ड नसेल तर मागच्या माणसाला नाणं द्या, तो आपलं कार्ड टेकवतो. सगळे तसंच करतात, संकोच नको. दुसरी, बसमधलं एसी. बाहेर पस्तीस अंशांचा उकाडा आणि आत हुडहुडी. स्वेटर, मोजे आणि कानटोपी बसच्या पोटातल्या सामानात गेली की सात तास हातात येत नाहीत. ती अंगावरच्या पिशवीत घ्या.

दिवसाच्या बसगाड्या वाटेत सांतियागोला जेवायला थांबतात. उतरताना बसचा नंबर पाहून घ्या, तिथं एकासारख्या एक गाड्या उभ्या असतात. महामार्गावर पोलीस कधीकधी बस थांबवून कागद बघतात, त्यामुळे पासपोर्टही अंगावरच.

कोस्टा रिकाहून येणाऱ्यांसाठी: पासो कानोआसची सीमा ओलांडली की दावीद तासाभरावर. घड्याळ एक तास पुढं करा. परतीचं तिकीट आणि पैशाचा पुरावा याच सीमेवर मागण्याची शक्यता जास्त.

४. दावीद ते बोकेते

अंतर अडतीस किलोमीटर, वेळ तासाच्या आतबाहेर. दावीदच्या बसस्थानकातून दिवसभर दर अर्ध्या तासानं किंवा त्याहूनही लवकर बस मिळते. भाडं दोन डॉलरच्या आसपास, उतरताना द्यायचं, सुटे द्यायचे. रात्री उशिरा मात्र बस नसते, टॅक्सीच करावी लागते. म्हणून पनामा सिटीहून एक तर सकाळी लवकर निघा, नाहीतर रात्रीच्या बसनं पहाटे दावीदला उतरा. दुपारी निघणारा माणूस रात्री दावीदला अडकतो.

दावीद समुद्रसपाटीजवळचं आणि भलतं उकाड्याचं आहे. तिथं थांबून जाकीट बॅगेच्या तळाशी टाकू नका. तासाभरात लागणार आहे.

५. मुक्काम: नकाशावर ‘बोकेते’ लिहिलंय म्हणजे गावात नव्हे

खोली शोधताना ‘आल्तो बोकेते’ आणि ‘बाहो बोकेते’ ही दोन नावं दिसतात. आल्तो म्हणजे वरचं, बाहो म्हणजे खालचं. वाचणाऱ्याला वाटतं, वरचं ते डोंगराकडचं, थंड. प्रत्यक्षात उलटं आहे. आल्तो बोकेते दावीदकडून येताना आधी लागतं, मोकळ्या पठारावर, गावापासून काही किलोमीटर अलीकडे. तिथून रस्ता दरीत उतरतो आणि खाली नदीकाठी जे वसलंय ते बाहो बोकेते, म्हणजे खरं गाव. चौक, बाजार, बसथांबा, खानावळी सगळं तिथंच.

गाडी नसेल तर बाहो बोकेतेतच राहा, चौकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांत. गाडी असेल आणि ऊन हवं असेल तर आल्तो बोकेते चांगलं, बाहारेके तिथवर कमी पोहोचतो. हारामिय्योच्या चढावरची घरं फोटोत सुंदर दिसतात, पण रात्री जेवून परत जायला टॅक्सी लागते. बाहो मोनो, आल्तो किएल ही उत्तरेकडची ठिकाणं सगळ्यांत ओली आणि सगळ्यांत हिरवी.

*तपासा: खोली पक्की करण्याआधी मालकाला तीनच प्रश्न विचारा. चौकापासून चालत किती मिनिटं? अंघोळीला गरम पाणी आहे का? मोठ्या पावसानंतर नळाचं पाणी गढूळ होतं का?*

६. पैसे, वीज, फोन

हा टप्पा छोटा आहे. पनामाचं चलन बाल्बोआ, पण त्याची फक्त नाणी असतात, नोटा सगळ्या अमेरिकी डॉलरच्या. एक बाल्बोआ म्हणजे एक डॉलर. १, ५, १० आणि २० च्या नोटा ठेवा. ५० आणि १०० च्या नोटा दुकानदार सहसा घेत नाहीत, घेतल्या तरी पासपोर्ट मागून वहीत नोंद करतात. बाल्बोआची नाणी देश सोडण्याआधी खर्च करा, बाहेर त्यांना किंमत नाही.

वीज ११० व्होल्टची आणि प्लग अमेरिकेसारखे चपट्या पिनांचे. फोनचा चार्जर चालतो, भारतातून नेलेली किटली किंवा पाणी तापवायचा रॉड चालत नाही. सिमकार्ड पनामा सिटीत किंवा दावीदलाच घ्या. खोल्या, वाटाडे, टॅक्सी असा सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर होतो. डोंगरवाटांवर रेंज नसते हे धरूनच चाला. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी ‘कुआंतो?’ म्हणून भाडं विचारून घ्यायचं. पोलिसांचा नंबर १०४, तातडीच्या वैद्यकीय मदतीसाठी ९११.

७. दिवस सकाळी वापरायचा

बोकेतेत डोंगर दिसतो तो सकाळी. पावसाळ्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान ढग भरून येतात आणि कोसळतात. कोरड्या दिवसांतही बारूचं शिखर दुपारपर्यंत झाकलं जातं. सुट्टीवर आहोत म्हणून नऊला उठणं, दहाला नाश्ता, अकराला ‘आता कुठं जायचं’ असं केलं, की चार दिवस राहूनही बारू दिसत नाही. मग गाव वाईट ठरतं.

असा क्रम ठेवा: सहाला उठायचं, सातला वाटेला लागायचं, बाराच्या आत खाली. दुपार कॉफीच्या मळ्यासाठी, बाजारासाठी, झोपेसाठी. अंधार बाराही महिने साडेसहाच्या सुमारास पडतो, आणि झपाट्यानं पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली लांबलेली संध्याकाळ तिथं नसते.

पहिल्याच दिवशी मोठी वाट धरू नका. इतका लांबचा प्रवास, साडेदहा तासांचा वेळेचा फरक आणि ओल्या मुळांवरून चढ, हे एकत्र नको.

८. कोणती वाट आधी, कोणती नंतर

पहिल्या सकाळी: बाहो मोनोकडची ‘हरवलेल्या धबधब्यां’ची वाट. तीन धबधबे, खासगी जागा, प्रवेशाला पैसे. चढ फार नाही, पण चिखल भरपूर. दुसऱ्या आणि तिसऱ्या धबधब्याच्या मधला भाग निसरडा आहे, तिथं लोक चप्पल-सँडल घालून येतात आणि हात धरून घसरत उतरतात. तळव्याला खाचा असलेले बूट हवेतच. लहान मुलं किंवा आईवडील सोबत असतील तर जवळचीच ‘पाइपलाइन’ची वाट धरा. पाण्याच्या नळाच्या कडेनं जाते, बरीचशी सपाट आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी: ‘लोस केत्सालेस’. बारूच्या उत्तर बगलेवरून पलीकडचं सेर्रो पुंता गाव आणि बोकेते यांना जोडणारी ही रानवाट. इथं दिशा महत्त्वाची. सेर्रो पुंताकडचं टोक उंचावर आहे, त्यामुळे तिकडून बोकेतेकडे आलं तर उतार जास्त. बोकेतेहून गेलं तर चढ. दोन टोकं चालत आठ-दहा किलोमीटरवर, पण गाडीरस्त्यानं मात्र खाली उतरून पुन्हा वर, काही तासांचा वळसा. म्हणून जाण्या-येण्याची सोय आदल्या दिवशी ठरवायची. सेर्रो पुंतालाही मुक्काम करणार असाल तर सामान गाडीनं पलीकडे पोहोचवणारे लोक बोकेतेत मिळतात. या वाटेवरचे पूल आणि कडा पुरात अनेकदा वाहून गेल्या आहेत. वाट चालू आहे का हे त्याच आठवड्यात स्थानिक माणसाला विचारा, आणि वाटाड्या घेऊनच जा. केत्साल पाहायचा असेल तर वाटाड्याचे पैसे दुप्पट वसूल होतात. हिरव्या पानांत हिरवा पक्षी निश्चल बसलेला असतो, वाटाड्याचं बोट जाईल तिकडे बघितल्यावरच आपल्याला लाल पोट दिसतं.

‘एल पियानिस्ता’ या वाटेबद्दल स्पष्ट लिहितो. २०१४ मध्ये दोन डच तरुणी या वाटेनं गेल्या आणि परत आल्या नाहीत. पुढं काही महिन्यांनी त्यांचे अवशेष सापडले. माथ्यापर्यंतची वाट अवघड नाही, धोका तिथूनच सुरू होतो. माथ्यावर खिंड लागते आणि पलीकडे पायवाट उतरत जाते, ती कॅरिबियनच्या बाजूच्या रानात, गावापासून दूर. ढग आले की मागची दिशा कळत नाही. त्यांच्या आठवणीचा आदर म्हणून तरी या वाटेवर एकट्यानं किंवा वाटाड्याविना जाऊ नका, आणि माथ्यावरून मागंच फिरा.

*प्रत्येक वाटेआधी तपासा: कुठं जातोय आणि किती वाजता परत येणार, हे मुक्कामाच्या मालकाला सांगितलंय का? नकाशा ऑफलाइन उतरवलाय का? विजेरी, शिट्टी, दीड लिटर पाणी, रेनजॅकेट?*

*सावध: वाटेत ओढा लागला आणि पाणी चॉकलेटी, फेसाळ दिसलं, तर वर पाऊस पडतोय. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओलांडू नका. थांबा किंवा परत फिरा.*

९. बारू: रात्रीची चढाई

बारू ३,४७५ मीटर उंच, पनामाचं सर्वोच्च शिखर. निरभ्र पहाटे वरून एका बाजूला प्रशांत महासागर आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र दिसतो. त्यासाठीच लोक रात्री अकरा-बाराला चढायला लागतात.

सह्याद्रीत फिरलेली मंडळी इथं हमखास चुकतात, म्हणून तुलना करून सांगतो. कळसूबाई १,६४६ मीटर. बारूची वाट जिथून सुरू होते ती वनखात्याची चौकीच १,८०० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून वर उभं राहून चढ सुरू करायचा आणि आणखी जवळजवळ १,७०० मीटर चढायचं. एका बाजूचं अंतर साडेतेरा किलोमीटर, तेवढंच परत. वाट चुकण्यासारखी नाही, जीपचाच रस्ता आहे, पण सुट्या दगडांचा आणि खोल चरांचा. चढायला पाच ते सात तास, उतरायला चार-पाच. गुडघे दुखतात ते उतरताना.

तयारी या क्रमानं:

१. चढाईची रात्र सहलीच्या तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नाही. हवा बिघडली तर एक रात्र पुढं ढकलता यायला हवी.

२. त्या दिवशी दुपारी झोपा. संध्याकाळी सहाला जेवा, तेही हलकं.

३. टॅक्सी चौकीपर्यंत नेते, पण सकाळी अकराला खाली उतरल्यावर तिथं गाडी उभी नसते आणि रेंजही भरवशाची नाही. परतीची वेळ आणि भाडं त्याच टॅक्सीवाल्याशी आधीच ठरवा. रात्री खूप जण हेच विसरतात आणि सत्तावीस किलोमीटर चालून झाल्यावर डांबरी रस्त्यानं आणखी चालतात.

४. चौकीवर प्रवेश शुल्क आणि नोंद.

५. कपडे थरांत. चढताना घाम येतो, म्हणून सुती बनियन नको, लवकर वाळणारं हवं. एक कोरडा टी-शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा आणि शिखराच्या थोडं अलीकडे आडोशाला बदला. वर तापमान शून्याच्या जवळ जातं आणि वारा सुरीसारखा लागतो. हातमोजे, कानटोपी, वारा अडवणारं जाकीट.

६. पाणी तीन लिटर. वाटेत भरवशाचं पाणी नाही. खायला चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू. थंडीत चॉकलेट दगड होतं, चिक्की मात्र चावता येते.

७. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाला स्वतंत्र, आणि जादा सेल.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे घाई. भरभर चढून साडेतीनला शिखरावर पोहोचायचं आणि सूर्य उगवेपर्यंत अडीच तास ओल्या कपड्यांत वाऱ्यात कुडकुडायचं. मी पहिल्यांदा हेच केलं. बोटं इतकी बधिर झाली की बॅगेची चेन उघडता येईना, आणि हातमोजे त्या बॅगेतच होते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचायचं, त्याआधी नाही. मध्ये मध्ये बसून घ्या.

डोकं गच्च होत असेल, मळमळत असेल, तर उंची लागतेय. तिथं थांबून बरं वाटत नसेल तर खाली उतरायचं. गुडघ्यांचा त्रास असेल तर शिखरापर्यंत जीपनं नेणारे आहेत. तोही प्रवास हाडं खिळखिळी करणारा असतो, पण सूर्योदय तोच.

१०. कॉफीचा मळा

मळ्याची फेरी आदल्या दिवशी ठरवावी लागते, दारात जाऊन मिळेलच असं नाही. तोडणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तेव्हा गेलात तर लाल फळं झाडावर, नोबे या तिथल्या आदिवासी समाजाची कुटुंबं तोडणीला आणि वाळवणीवर पसरलेल्या बिया, असं सगळं एकाच फेरीत दिसतं. मळ्यात काम करणाऱ्यांचे, विशेषतः त्यांच्या मुलांचे, फोटो न विचारता काढू नका.

गेइशा जातीची कॉफी चाखाल तेव्हा दूध-साखर बाजूला ठेवा. पहिला घोट चहाच्या जवळचा वाटतो, फुलांचा वास येतो. कप थोडा निवल्यावर चव जास्त कळते. विकत घेताना भाजल्याची तारीख बघा आणि दळलेली नको, अख्खी बी घ्या.

११. शाकाहारी जेवण

‘सिन कार्ने’ म्हणजे मांस नको. पण तिथं ‘कार्ने’ म्हणजे बहुधा गोमांस, त्यामुळे सिन कार्ने म्हटलं तरी भातात कोंबडी येऊ शकते आणि सँडविचमध्ये हॅम. पूर्ण वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन हामोन, सिन पेस्कादो’. पुरुषानं ‘सोय वेहेतारियानो’ म्हणावं, बाईनं ‘सोय वेहेतारियाना’. घेवड्याची उसळ शाकाहारी दिसते, पण पुष्कळदा डुकराच्या तुकड्यासोबत शिजवलेली असते, तेवढं विचारा.

निर्धास्त खाण्यासारखं: पाताकोनेस, म्हणजे कच्ची केळी तळून, चेपून, पुन्हा तळलेली. तळलेला युका, तोच कंद ज्यापासून आपला साबुदाणा होतो, त्यामुळे उपवासाचं जेवल्यासारखं वाटतं. सकाळी ओहाल्द्रे, आपल्या भटुऱ्याची बहीण शोभावी अशी तळलेली पोळी, वर पांढरं चीज. ‘फोंदा’ म्हणजे साधी खानावळ. तिथं काचेमागची भांडी बोट दाखवून मागता येतात, त्यामुळे भाषेवाचून अडत नाही. स्ट्रॉबेरी डोंगरावरचीच असते, ती खाल्ल्याशिवाय येऊ नका.

१२. परतताना

आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या रात्री पनामा सिटीतच झोपा. बोकेते ते दावीद एक तास, दावीद ते आल्ब्रूक सात-आठ, तिथून तोकुमेन आणखी एक. कागदावर हे एका दिवसात बसतं. पण महामार्गावर एक दरड, एक आंदोलन किंवा एक बंद पडलेली बस, एवढ्यानं विमान जातं.

दावीदहून पहाटेची बस धरायची असेल तर बोकेतेतून त्या वेळी बस असेलच असं नाही. आदल्या रात्री टॅक्सी सांगून ठेवा. ओले बूट वर्तमानपत्र भरून वेगळ्या पिशवीत घाला, तळव्यांचा चिखल धुऊन. उरलेली बाल्बोआची नाणी बसभाड्यात संपवा. आणि भारतात उतरणार असाल तर पिवळं पुस्तक पासपोर्टच्याच पाकिटात हवं, चेक-इन बॅगेत नको. ते बॅग हातात येण्याच्या आधी मागतात.